पाणी ओतण्याआधी थोडं गणित: द्रावण विरल करताना होणाऱ्या चुका



मागच्या हंगामातली गोष्ट आहे. डिसेंबरची सकाळ होती. मी साताऱ्यात लॅबमध्ये ऑटोक्लेव्ह थंड व्हायची वाट बघत बसले होते, तेवढ्यात घरून आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे वडील. तासगाव तालुक्यात आमची थोडी द्राक्षबाग आहे. मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले होते आणि जीएचं डिपिंग करायचं होतं.

"अगं, चाळीसचं जीए करायचंय. दोनशे लिटरचं बॅरल हाय. दरवर्षी आठ ग्रॅम टाकतो. पण ह्या टायमाला पाकीट दुसरंच हाय, त्येच्यावर चाळीस टक्के लिव्हलंय. आठच टाकू न्हवं?"

मी म्हटलं, "थांबा आबा, टाकू नका. पाकिटाचा फोटो पाठवा आधी."

फोटो आला, कागदावर हिशोब केला आणि दोन मिनिटांत उत्तर सांगितलं: वीस ग्रॅम. आबांनी आठच टाकले असते तर चाळीस पीपीएमऐवजी सोळा पीपीएमचं द्रावण झालं असतं. दिसायला मात्र अगदी तसंच, पाण्यासारखं. मण्यांची ती अवस्था चार-पाच दिवसांत निघून जाते, आणि चूक कळते ती पंधरा दिवसांनी, मणी फुगले नाहीत की. तोवर हातात काही उरलेलं नसतं.

आजचा लेख याच विषयावर आहे. विरलीकरण म्हणजे डायल्युशन. अकरावीपासून आपण हे गणित करतो, त्यामुळे "यात काय अवघड?" असं वाटतं. पण पीएच.डी.ला आल्यावर माझे स्वतःचे चार महिने ज्या चुकीत गेले ती याच सोप्या गणितातली होती. ती गोष्टही पुढे सांगते. तुम्ही एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला किंवा पेटच्या तयारीला लागला असाल, तर वही-पेन घेऊनच बसा.

मूळ कल्पना एकच

तांब्याभर पाण्यात गुळाचा एक खडा विरघळवला. ते पाणी कळशीत ओतून कळशी भरली. गोडी कमी झाली, पण गूळ तेवढाच राहिला. विरलीकरणात पाणी वाढतं, द्राव्य तेवढंच राहतं. सगळी सूत्रं एवढ्या एका वाक्यातून निघतात.

संहती गुणिले आकारमान म्हणजे द्राव्याचं प्रमाण. ते आधी आणि नंतर सारखंच, म्हणून:

सी१ × व्ही१ = सी२ × व्ही२

सी१ ही स्टॉकची संहती आणि व्ही१ म्हणजे स्टॉकमधून किती घ्यायचं ते. सी२ ही आपल्याला हवी असलेली संहती. व्ही२ म्हणजे शेवटी तयार होणारं एकूण द्रावण. व्ही२ म्हणजे घातलेलं पाणी नव्हे. निम्म्या चुका इथेच होतात, त्यावर खाली येतेच.

दुसरी अट एककांची. दोन्ही बाजूंना संहती एकाच एककात आणि आकारमानही एकाच एककात हवं. एकीकडे मिलिलिटर आणि दुसरीकडे मायक्रोलिटर ठेवलं की उत्तर हजार पटीनं चुकतं.

आबांचं बॅरल: पीपीएम आणि शुद्धता

आधी जीए म्हणजे काय ते थोडक्यात. जीए म्हणजे जिब्रेलिक आम्ल. १९२६ मध्ये कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानं भाताची रोपं अवास्तव उंच वाढवणाऱ्या एका रोगाचा अभ्यास केला. ती उंची बुरशीनं सोडलेल्या द्रव्यामुळे वाढते, असं त्याच्या लक्षात आलं. १९३५ मध्ये याबुता यांनी त्या द्रव्याला जिब्रेलिन हे नाव दिलं. आपल्याकडे ते द्राक्षाला का लागतं? थॉमसन सीडलेस आणि त्यातूनच निवडलेला आपल्या तासगावचा 'तास-ए-गणेश' हे बिनबियांचे वाण आहेत. मण्याला फुगवण्याचं जिब्रेलिन एरवी बियांकडून येतं. बीच नसेल तर ते बाहेरून द्यावं लागतं.

आता गणित. पाण्यातल्या विरल द्रावणासाठी १ पीपीएम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम, असं धरून चाला.

४० पीपीएम × २०० लिटर = ८,००० मिलिग्रॅम = ८ ग्रॅम.

म्हणजे आबांचे आठ ग्रॅम बरोबर? पुस्तकात बरोबर. पण हे आठ ग्रॅम शुद्ध जीएचे आहेत. पाकिटात शुद्ध जीए किती ते पाकिटावरच्या टक्क्यांवरून ठरतं.

- पावडर ९० टक्के असेल तर ८ ÷ ०.९० = ८.९ ग्रॅम.
- पावडर ४० टक्के असेल तर ८ ÷ ०.४० = २० ग्रॅम.

म्हणजे ९० टक्क्यांच्या पावडरीचे आठ ग्रॅम टाकून आबा दरवर्षी ३६ पीपीएमच देत होते. तेवढ्या फरकानं त्यांचं कधी अडलं नाही. पण ४० टक्क्यांच्या पावडरीत तोच आकडा वापरला असता तर डोस निम्म्याहून खाली गेला असता. टक्केवारीनं भागायचं, गुणायचं नाही, हेही लक्षात ठेवा. पडताळणी सोपी आहे: माल जेवढा कमी शुद्ध, तेवढा वजनाला जास्त लागणार. उत्तर उलटं आलं तर कुठेतरी गुणलंय.

लॅबमध्ये हीच गोष्ट बाटलीवर 'असे' या नावानं येते. ९८ टक्के, ९९.५ टक्के वगैरे. ९९ टक्क्यांवर असेल तर बहुतेक कामांत फरक पडत नाही. ८५ टक्के असेल तर पडतो. बाटली उघडण्याआधी लेबल वाचा आणि तो आकडा वहीत लिहा.

मग स्टॉक कशाला करायचा?

बागेत पावडर थेट बॅरलमध्ये जात नाही, हे तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या घरातल्यांना माहीत असेल. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये किंवा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवतात आणि मग पाण्यात मिसळतात. याचं कारण विद्राव्यता. साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात साधारण ५ ग्रॅम जीए विरघळतं. १ ग्रॅम पावडर १०० मिलिलिटर पाण्यात ढवळत बसलात तर निम्मी तळाशीच राहील. वरचं पाणी नितळ दिसेल आणि आपल्याला वाटेल, झालं.

लॅबमधली पद्धत हीच, फक्त छोट्या मापात. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर स्टॉक करायचा असेल तर १०० मिलिग्रॅम जीए अगदी थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवा आणि मग पाण्यानं १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत आणा. ऑटोक्लेव्हच्या उष्णतेनं जीए काही प्रमाणात नष्ट होतं, म्हणून हा स्टॉक ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून निर्जंतुक करतात.

आता समजा ऊतिसंवर्धनासाठी १ लिटर माध्यमात ०.५ मिलिग्रॅम जीए हवंय. सूत्रात घाला: १ × व्ही१ = ०.०००५ × १०००, म्हणजे व्ही१ = ०.५ मिलिलिटर. सोपं.

पण १०० मिलिलिटर माध्यमात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम हवं असेल तर? व्ही१ येतं ५ मायक्रोलिटर. गणित बरोबर आहे, पण हाताला ते बरोबर जमेल का? टिपच्या बाहेर चिकटलेला एक बारीक थेंबही एक-दोन मायक्रोलिटरचा असू शकतो. पाचातले दोन म्हणजे ४० टक्के चूक! अशा वेळी मधली पायरी करा. स्टॉक आधी दहा पट विरल करा, म्हणजे १ मिलिलिटर स्टॉक आणि पाणी मिळून १० मिलिलिटर. मग त्यातून ५० मायक्रोलिटर घ्या. तोच थेंब चुकला तरी आता चूक ४ टक्क्यांवर येते. माझा स्वतःचा नियम असा आहे: उत्तर १० मायक्रोलिटरच्या खाली आलं की मधला स्टॉक करायचाच.

'एकास दहा' म्हणजे नक्की किती?

हा प्रश्न कुठल्याही लॅबमध्ये चार जणांना विचारून बघा. दोघे म्हणतील, १ भाग द्रावण आणि ९ भाग पाणी. दोघे म्हणतील, १ भाग द्रावण आणि १० भाग पाणी. दोघांचंही आपापल्या परीनं बरोबर असतं, म्हणून तर घोळ होतो. पहिल्यात द्रावण दहा पट विरल होतं, दुसऱ्यात अकरा पट.

म्हणून मी वहीत 'एकास दहा' असं लिहीतच नाही. "दहा पट विरल, १ मिलिलिटर + ९ मिलिलिटर, एकूण १०" असं पूर्ण लिहिते. सहा महिन्यांनी वही उघडली तरी शंका राहत नाही. एखाद्या पेपरमध्ये किंवा किटच्या कागदावर असं प्रमाण दिलं असेल तर त्यांनी एकूण आकारमान कुठे दिलंय ते शोधा. त्यावरून अर्थ कळतो.

त्याच्याच जोडीला दुसरी सवय: "इतकं पाणी घाला" असं न करता "इतक्या खुणेपर्यंत आणा" असं करा. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर इथेनॉल ओतलं तर १०० होत नाही, साधारण ९६-९७ मिलिलिटरच भरतं. पावडर विरघळवली तरी आकारमान बदलतं. म्हणून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये आधी निम्म्याहून थोडं जास्त पाणी घ्या, द्राव्य पूर्ण विरघळू द्या, गरम झालं असेल तर थंड होऊ द्या आणि मगच खुणेपर्यंत भरा. खूण डोळ्याच्या रेषेत ठेवायची आणि वक्र पृष्ठभागाचा तळ खुणेला टेकवायचा. शेवटचे थेंब ड्रॉपरनं. नंतर बूच लावून दहा-पंधरा वेळा उलटंसुलटं करायचं. हे शेवटचं बरेच जण विसरतात. मग फ्लास्कच्या मानेत पाणी आणि तळाशी घट्ट द्रावण अशी अवस्था राहते.

बीकरवरच्या रेषा अंदाजासाठी असतात. बीकरवर अचूक द्रावण करू नका, एवढं सांगून पुढे जाते.

माझे चार महिने

आता माझी गोष्ट. माझा विषय द्राक्षबागेच्या मातीतली ट्रायकोडर्मा बुरशी. सांगली भागातल्या बागांत डाऊनी म्हणजे केवडा रोगासाठी वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण फवारलं जातं. फ्रान्समधल्या बोर्डो इथे मिलार्डे यांनी १८८५ मध्ये ते प्रसिद्धीला आणलं, तेही याच रोगासाठी. एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. यातलं तांबं हळूहळू मातीत साठतं. उपयोगी बुरशी ते किती सोसते, हा माझा प्रश्न होता.

त्यासाठी मी कॉपर सल्फेटचा ०.१ मोलर स्टॉक केला, १०० मिलिलिटर. रेणुवस्तुमान मोबाइलवर शोधलं: १५९.६. गणित केलं: ०.१ × ०.१ लिटर × १५९.६ = १.५९६ ग्रॅम. वजन केलं, विरघळवलं, खुणेपर्यंत भरलं. सुंदर निळं द्रावण. त्यातून १, २, ४, ६ आणि ८ मिलिमोलरची माध्यमं केली, प्लेट ओतल्या.

निकाल भारी येत होते. माझी बुरशी ८ मिलिमोलरलाही आरामात वाढत होती. वाचलेल्या पेपरांपेक्षा हे बरंच जास्त होतं. प्रत्येक प्रयोग तीन-तीनदा केला, दर वेळी तेच. मी हवेत. एका परिषदेसाठी पोस्टरचा सारांशही पाठवून दिला.

मग एका शनिवारी मॅडमनी वही बघताना विचारलं, "बाटली कुठली वापरलीस गं?" मी बाटली आणून ठेवली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त लेबलवर बोट ठेवलं. कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. रेणुवस्तुमान २४९.७.

आपलं मोरचूद निळं असतं ते त्याच्या स्फटिकातल्या पाण्याच्या पाच रेणूंमुळे. निर्जल कॉपर सल्फेट पांढरं असतं आणि १५९.६ हा आकडा त्याचा. मी निळे खडे वजन करत होते आणि गणित पांढऱ्या पावडरीचं लावत होते. लहानपणापासून आबांना मोरचूद भिजवताना बघितलेल्या मुलीनं ही चूक करावी! माझा ०.१ मोलर स्टॉक खरं तर १.५९६ ÷ २४.९७, म्हणजे ०.०६४ मोलर होता. ८ मिलिमोलर म्हणून जे मी मिरवत होते ते जेमतेम ५.१ मिलिमोलर होतं. बुरशी काही विशेष नव्हती.

पोस्टर मागे घेतलं. त्या रात्री रूमवर मी रडले, हे लपवत नाही.

पण दोन गोष्टी यातून शिकले. एक, प्रयोग तीनदा केला म्हणजे तो बरोबर आहे असं नाही. तिन्ही वेळा मी त्याच चुकीच्या स्टॉकमधून घेत होते. चूक दर वेळी सारखीच येत होती, म्हणून आकडे एकमेकांशी जुळत होते. दोन, वही वाचवते. मी वहीत प्रत्यक्ष वजन, बाटलीचा लॉट नंबर आणि तारीख लिहिली होती. म्हणून सगळ्या संहती ०.६४ नं गुणून दुरुस्त करता आल्या. फक्त वरच्या डोसचे प्रयोग पुन्हा करावे लागले. वहीत नुसतं "०.१ मोलर स्टॉक केला" एवढंच लिहिलं असतं तर सगळंच कचऱ्यात गेलं असतं.

तेव्हापासून मी रेणुवस्तुमान मोबाइलवरून घेत नाही. बाटलीच्या लेबलवरून घेते. सोडियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराईड या सगळ्यांच्या पाण्यासह आणि पाण्याविना अशा वेगवेगळ्या बाटल्या येतात. पेपरमध्ये एक असतं, कपाटात दुसरं. वजन बदलून चालतं, पण गणितही बदलायला हवं.

सीरियल डायल्युशन: चूक व्याजासकट वाढते

मातीतले सूक्ष्मजीव मोजायचे तर पायरीपायरीनं विरल करावं लागतं. १० ग्रॅम माती ९० मिलिलिटर निर्जंतुक सलाईनमध्ये मिसळली की पहिली पायरी, साधारण दहा पट. त्यातलं १ मिलिलिटर ९ मिलिलिटरच्या नळीत टाकलं की शंभर पट. असं पुढे.

समजा तुम्ही नळ्यांत ९ ऐवजी १० मिलिलिटर सलाईन भरलं. प्रत्येक पायरी दहा पटीऐवजी अकरा पटीची होते. एका पायरीला चूक दहा टक्क्यांची वाटते. पण अशा सहा पायऱ्या झाल्या की दहा लाख पटीऐवजी १७,७१,५६१ पट विरल झालेलं असतं. चक्रवाढ व्याज म्हणतात ते हेच. आणि हो, नळ्या ऑटोक्लेव्ह केल्यावर थोडं पाणी उडतं. म्हणून काटेकोर काम असेल तर सलाईन आधी निर्जंतुक करून नंतर मोजून भरा.

प्रत्येक पायरीला नवी टिप घ्या. जुनीच टिप वापरली तर आधीच्या घट्ट नळीतले जीव पुढे जातात आणि आकडे फुगतात. प्रत्येक नळी नीट हलवा, कारण मातीचे कण लगेच खाली बसतात.

मोजणीचं एक उदाहरण. एक लाख पट विरल केलेल्या नळीतलं ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरवलं आणि ५२ वसाहती आल्या. तर ग्रॅममागे ५२ ÷ ०.१ × १,००,००० = ५ कोटी २० लाख. बॅक्टेरियासाठी साधारण ३० ते ३०० वसाहतींची प्लेटच मोजायची. त्याहून कमी असतील तर योगायोगाचा भाग मोठा, जास्त असतील तर वसाहती एकमेकींत मिसळतात. ०.१ नं भागायचं विसरलात तर उत्तर दहा पट कमी येतं. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

आम्ल असेल तर

बाटलीवर मोलॅरिटी नसते, टक्के आणि घनता असते. हायड्रोक्लोरिक आम्ल ३७ टक्के, घनता १.१८. एका लिटरचं वजन १,१८० ग्रॅम, त्यातलं ३७ टक्के म्हणजे ४३६.६ ग्रॅम आम्ल. भागिले ३६.४६ म्हणजे साधारण १२ मोलर. ५०० मिलिलिटर १ मोलर हवं तर ५०० ÷ १२ = ४१.७ मिलिलिटर.

फ्युम हूडमध्ये, हातमोजे आणि गॉगल घालून काम करा. आधी पाणी घ्या, त्यात आम्ल हळूहळू सोडा. उलटं कधीच नाही, आणि सल्फ्युरिकच्या बाबतीत तर मुळीच नाही. आम्लात पाणी पडलं की ते जागीच उकळून तोंडावर उडतं. इथे चूक झाली तर प्रयोग पुन्हा करता येतो, डोळे पुन्हा मिळत नाहीत.

स्टॉकही बदलतो

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला, तेव्हा पाणी ओसरल्यावर गावोगावी विहिरींत टीसीएल टाकायचं काम चाललं होतं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ठरलेलं प्रमाण १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ३.१४ × ६ × ६ × ४ ÷ ४ = ११३ घनमीटर, म्हणजे १ लाख १३ हजार लिटर. पावडर लागते साधारण २८३ ग्रॅम. ती बादलीत कालवतात, चुना खाली बसू देतात आणि वरची निवळी विहिरीत सोडतात.

पण ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो उडून जातो. वजन तेवढंच, ताकद निम्मी. म्हणून गणितावर न थांबता तासाभरानं ओटी टेस्ट करून पाण्यात क्लोरीन खरंच शिल्लक आहे का ते बघतात.

आबाही बोर्डो केल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना कमी पडलाय. म्हणजे गावात आणि बागेतही तयार द्रावण तपासल्याशिवाय वापरत नाहीत. आणि मी लॅबमध्ये चार महिने एकदाही तपासलं नव्हतं! माझ्या तांब्याच्या स्टॉकची आयोडोमेट्रीनं एक टायट्रेशन केली असती तर तासाभरात कळलं असतं. तुमच्या द्रावणालाही असा एखादा 'विळा' शोधून ठेवा: पीएच, शोषकता, टायट्रेशन, जे जमेल ते.

पाणी ओतण्याआधी वहीत

१. शेवटी किती द्रावण हवंय आणि कुठल्या संहतीचं, ते एककांसह लिहा.
२. बाटलीवरचं नाव, रेणुवस्तुमान, शुद्धता, लॉट नंबर लिहा.
३. गणित करा, मग दुसऱ्या मार्गानं पडताळा. सूत्रानं केलं असेल तर "किती पट विरल?" असं विचारून पुन्हा काढा.
४. घ्यायचं आकारमान हाताला झेपणारं आहे का बघा. नसेल तर मधला स्टॉक.
५. ठरवलेलं नाही, प्रत्यक्ष आलेलं वजन लिहा. २.४९७ ठरवलं आणि २.५०३ आलं तर २.५०३ लिहा.
६. बाटलीवर नाव, संहती, द्रावक, तारीख आणि आपली सही.

सरावासाठी तीन गणितं देते. आधी स्वतः करा, मग उत्तरं बघा.

अ) ९५ टक्के अल्कोहोलपासून ५०० मिलिलिटर ७० टक्के अल्कोहोल करायचंय. किती घ्याल?
आ) ५ मोलर सोडियम क्लोराईडपासून ०.२५ मोलरचं २०० मिलिलिटर हवंय.
इ) १५ लिटरच्या पंपासाठी अर्धा टक्का बोर्डो. मोरचूद किती?

उत्तरं: अ) ३६८ मिलिलिटर घेऊन पाण्यानं ५०० पर्यंत आणायचं. आ) १० मिलिलिटर, पाण्यानं २०० पर्यंत. इ) ७५ ग्रॅम, आणि तेवढाच चुना.

आबांचं डिपिंग त्या दिवशी वेळेत झालं. संध्याकाळी पुन्हा फोन आला. म्हणाले, "पाकिटावरचा आकडा आता भिंतीवर खडूनं लिवून ठेवलाय. पुढल्या वर्षी तुला इचारायला नको."

माझ्या लॅबच्या कपाटावरही आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'बाटली कुठली?'

भेटू पुढच्या लेखात.